अव्वाच्या आवाजातले आप्पा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. देवणी

काल दुपारच्या गाडीनं नांदेडहून घरी आले. लॅपटॉप, चार ड्रेस आणि ही वही. रविकिरण सरांनी महिनाभर घरून काम करायची परवानगी दिलीय, पण निघताना तीनदा म्हणाले, "दामिनी, एक डिसेंबरला टेबलावर दिसली पाहिजेस." आमचं ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सहाजण मिळून दुकानांची, शिकवण्यांची मोबाईल ॲप बनवतो.

आप्पांना लकवा मारून सात आठवडे झाले. पाय सुधारलाय, काठी टेकत अंगणात जातात. उजवा हात अजून ऐकत नाही. बोलणं मात्र पार गेलं. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं, शब्द तोंडापर्यंत येत नाहीत. मडिवाळप्पा दलाल म्हणजे बैलबाजारात चार जोड्यांपलीकडून ज्यांचा आवाज ओळखायचे लोक. आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत "हं" एवढंच.

आज विचारलं, "आप्पा, चहा घेता?" त्यांनी मान हलवायच्या आत अव्वा म्हणाली, "न्हाई घेत. आत्ताच झालाय." आप्पांनी भिंतीकडं तोंड केलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

लातूरहून सुकन्या मॅडम आल्या. गेलेलं बोलणं परत शिकवायचं, हे त्यांचं काम. मंगळवारी उदगीरच्या दवाखान्यात बसतात, तिथून आमच्याकडं येतात. त्यांनी चित्रांची वही उघडली. पाणी, जेवण, संडास, डोकं दुखतंय. "काका, तहान लागली तर कुठल्या चित्रावर बोट ठेवाल?"

अव्वा आतून ओरडली, "दिलंय की पाणी आत्ताच!"

मॅडम हसल्या, पण जाताना अंगणात मला म्हणाल्या, "पहिले सहा महिने मोलाचे असतात. माणसानं प्रयत्नच सोडला तर मग अवघड होतं. आणि आईंना सांगा, त्यांच्या वतीनं बोलू नका म्हणून."

मी सांगितलं. अव्वा उठून मोरीकडं गेली. नंतर तासभर भांडी फार जोरात घासली. घासणी खराब असेल, नवी आणली पाहिजे.

मी ठरवलंय. चित्रांच्या वहीपेक्षा मोबाईल बरा. बटण दाबलं की मोबाईल बोलेल. हे मला येतं. घरात दुसरं कुणाला येत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

चार दिवसांत ॲप उभं राहिलं! मी जे किट वापरते त्याची ही करामत. बटणं, चित्रं, आवाज, बोट कुठं टेकलं ते ओळखणं, ॲप बनवायचं सगळं सामान त्यात तयार मिळतं. आणि किट खुलं आहे. आतला सगळा कोड जगात कुणीही वाचावा, चूक सापडली तर दुरुस्ती पाठवावी, सगळं फुकट. पाच वर्षं त्याच्या जिवावर पगार घेतेय, पण आत डोकावून कधी बघितलं नाही.

आप्पांच्या डाव्या हातात मोबाईल दिला. त्यांनी पाण्याचं चित्र दाबलं. आतून एक बाई म्हणाली, "मला पाणी हवे आहे." आप्पांनी दाराकडं बघितलं, कोण पाहुणी आली म्हणून.

"ही कोन?" अव्वानं विचारलं. "बातम्या देनारी व्हय?"

मग मी माझ्याच आवाजात चाळीस वाक्यं भरली, आपल्या बोलीत. आप्पांनी एक बटण दाबलं. "मला लघवीला जायचं हाय," माझा आवाज म्हणाला. आप्पांनी मोबाईल पालथा घातला आणि परत हात लावला नाही.

"काय चुकलं, आप्पा?" अव्वा म्हणाली, "लेकीच्या तोंडून असलं वदवतेस?" वाक्य साधं सरळ होतं. आप्पा हट्टी आहेत, दुसरं काय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कोणतं बटण किती वेळा दाबलं ते ॲप मोजतं. तीन दिवसांचा आकडा: शून्य.

मॅडम म्हणाल्या, धीर धरा. मला खरं तर रडू येत होतं. हे मी आप्पांसाठी करतेय, की आपण काहीतरी करतोय असं मला वाटावं म्हणून? शिवाय मी काही समजवायला बसले की अव्वा मोबाईल उचलून आत नेते. "चार्जिंग संपत आलंय." दुपारी बघितलं तर पंच्याऐंशी टक्के होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पूर्ण सकाळ वाया. भगवानराव काका आले. आप्पांचे बाजारातले जुने जोडीदार, तेही दलाल. मी सरावाची वेळ ठरवून बसले होते, हे मधेच येऊन आप्पांशेजारी टेकले. खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं आणि अर्धा तास दोघं म्हातारे हातात हात घालून गप्प. मधेच भगवान काका "आं? असं व्हय!" म्हणून मांडी थोपटत होते. आप्पा खांदे हलवून हसत होते. मी दोनदा घड्याळाकडं बघितलं, तरी उठेनात.

आप्पांनी आज दोन भाकरी खाल्ल्या. हवा बदललीय, भूक वाढणारच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मी मूर्ख आहे. हे वहीत लिहून ठेवलेलं बरं.

सकाळी भगवान काकांना फोन केला, पुढच्या वेळी सरावाची वेळ टाळून या असं सांगायला. सहज विचारलं, काल काय चाललं होतं?

"काय म्हंजे? सौदा! माझ्या खोंडाला गिऱ्हाईक आलंय. तुझ्या बापाला विचारलं काय भाव सांगू. त्यानं माझाच भाव पाडला की गं. बोलता येत न्हाई म्हनून सोडतो व्हय त्यो!"

उपरण्याखालचा सौदा. लहानपणी बाजारात शंभरदा बघितलाय. चारचौघांत भाव कळू नये म्हणून दलाल कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून बोलतात. किती बोटं, कुठलं पेर, किती वेळा दाबलं, सगळ्याला अर्थ असतो. आप्पांची जीभ अडलीय. बोटं तर तीस वर्षं बोलतायत!

फोन ठेवला आणि त्यांच्यापुढं जाऊन बसले. "आप्पा, मला शिकवा." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी आत्ताच घरात आले. मग खुंटीवरच्या टॉवेलाकडं मान केली.

मी लई मठ्ठ विद्यार्थी आहे. चुकले की ते माझी करंगळी पिरगळतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नवीन ॲपमध्ये एकही चित्र नाही. नुसता काळा पडदा. एक बोट टेकवलं की घरातले शब्द, दोन टेकवली की माणसं, तीन म्हणजे बाजार, चार म्हणजे राग, पाच म्हणजे पुरे. मग दुसऱ्यांदा बोटं टेकवली की त्यातला शब्द. आप्पांनी पहिल्या दिवशीच पाठ केलं. मला अजून यादी बघावी लागते.

पण एक घोळ आहे. आप्पा सगळी बोटं एकदम टेकवत नाहीत. सौद्यात दाबतात तशी एकेक करून आणतात. पहिलं बोट टेकलं की किट डोळ्याचं पातं लवेपर्यंत थांबतं आणि निकाल देऊन टाकतं: एक बोट. त्यांनी "भगवानराव" म्हणायला जावं आणि मोबाईलनं "चटणी" म्हणावं. चार वेळा चटणी झाल्यावर अव्वानं खरंच चटणी आणून वाढली.

किती वेळ थांबायचं, तो आकडा किटच्या पोटात पक्का केलेला आहे. बाहेरून बदलता येत नाही. म्हणून आज पहिल्यांदा पोट उघडलं. दुपारभर वाचत बसले. इतक्या देशांतल्या लोकांनी लिहिलेलं, आणि कुणीकुणी तर आपल्या चुका तिथंच कबूल केलेल्या: "हे असं का चालतं मला माहीत नाही, पण काढू नका." फार बरं वाटलं.

शेवटी ती ओळ सापडली. एक आकडा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

माझ्याकडच्या किटमध्ये तो आकडा वाढवला आणि चटणी बंद झाली. रविकिरण सरांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "आपल्यापुरतं बदलून उपयोग नाही. किटची नवीन आवृत्ती आली की तुझा बदल गेला. ज्याला पाहिजे त्याला तो आकडा बदलता येईल अशी सोय कर आणि मूळ किटवाल्यांना पाठव."

मी म्हटलं, मी? देवणीतून? सर म्हणाले, "तिथं गाव विचारत नाहीत."

इंग्रजी पाच वेळा तपासून पाठवलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

उत्तर आलं. किट सांभाळणाऱ्यांपैकी कुणीतरी लिहिलंय: हे कुणाला लागणार? शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांची बोटं वेळेवर टेकतात. शिवाय या बदलाची चाचणी कुठं आहे?

चाचणी, म्हणजे बदल नीट चालतो का ते आपोआप तपासणारा छोटा कोड, मी लिहिलीच नव्हती, ते खरं आहे. पण पहिल्या वाक्यानं फार लागलं. जेवताना घरात सांगून टाकलं. अव्वा भाकरी थापत होती. म्हणाली, "मग त्या शंभराव्यानं कुठं जावं? इचार की त्याला."

जेवण झाल्यावर तेच लिहिलं, शब्दाला शब्द. आप्पांबद्दल, सौद्याबद्दल, उपरण्याबद्दलही लिहिलं. आणि खाली: माझी आई विचारते, शंभराव्यानं कुठं जावं?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अव्वाच्या प्रश्नाखाली एकवीस जणांनी लिहिलंय! एका शिक्षकाच्या वर्गात हात थरथरणारी तीन मुलं आहेत. चिली देशातली पाउला म्हणून कुणी आहे, तिच्या आजीची बोटं संधिवातानं वाकलीत. पाउला किटमधली जुनी जाणकार दिसते. तिनं मला चाचणी कशी लिहायची ते एकेक पायरी करून दाखवलं. तो पहिला माणूसही परत आला आणि म्हणाला, प्रश्न योग्य आहे, माझं चुकलं.

घरात वाचून दाखवलं. "चिली म्हंजे मिरचीचा देश का?" अव्वानं विचारलं. आप्पा हसले. मग अव्वानं पाउलाच्या आजीसाठी कोमट तिळाचं तेल चोळायला सांगितलं. तेही कळवलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

शब्द तर झाले, आवाज कुणाचा? माझा आप्पांना नको. भगवान काकांना बोलावलं. त्यांना हळू बोलताच येत नाही. "पानी" असं म्हणाले की शेजारच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. आप्पांनी पाची बोटं दाखवली: पुरे.

मग त्यांनी काठी उचलून स्वयंपाकघराकडं केली.

"माझा?" अव्वा म्हणाली. "बाप्या मानसाच्या मोबाईलात बाईचा आवाज? लोकं काय म्हनतील? काय तरी उगं." आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा नवी इरकली नेसलेली, केस विंचरलेले. मी सांगितलं, अव्वा, फोटो काढायचा नाहीये, नुसता आवाज. "म्हाईत हाय मला," म्हणाली आणि भिंतीला टेकून ताठ बसली.

दोन तास बसली. यादी आप्पांनीच बोटांनी ठरवली होती. पाणी, जेवण, संडास सगळं खोडायला लावलं. आता माझ्या लक्षात आलं, पाणी मागायची त्यांना गरजच पडत नाही, अव्वा आधीच आणते. त्यांना हवे होते ते शब्द असे: खोटं. कशाला. दात बघू (बैलाचं वय दातांवरून कळतं). लई भारी. उगं बस. माझं ऐक. कोण म्हणतं?

एका शब्दावर गाडी अडली. त्यांचं स्वतःचं नाव. अव्वानं छत्तीस वर्षांत कधी घेतलं नाही. "दुसरं काय बी सांग." मी म्हटलं, फोनवर कुणी विचारलं कोण बोलतंय, तर काय सांगतील ते? तिनं बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "तू भाईर जा."

मी रेकॉर्डिंग सुरू करून बाहेर गेले.

३० नोव्हेंबर, रविवार

आप्पा सकाळपासून एकच शब्द दाबतायत. "मडिवाळप्पा." अगदी हळू, खालच्या आवाजात भरलंय. थोडं थांबून परत: "मडिवाळप्पा."

ॲपच्या मोजणीत दुपारपर्यंत एकशे बारा. पडदा अडकतोय की काय म्हणून मी दोनदा तपासलं. अडकत नाही.

अव्वा लाल होऊन ओरडली, "बंद करा की वो! शेजारचे ऐकून राहिलेत!" पण मोबाईल काही आत नेला नाही.

१ डिसेंबर, सोमवार. नांदेड

ऑफिसात हजर. सर आतून आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आठवड्यातले दोन दिवस इथं, बाकी देवणीत. चालेल?" मी रात्रभर त्यांना पटवायची वाक्यं जुळवली होती, ती सगळी वाया गेली. कामात कुठं कमी पडू नये, एवढीच धाकधूक आहे.

९ डिसेंबर, मंगळवार. देवणी

सुकन्या मॅडम समोर होत्या. आप्पांनी बोटं टेकवली आणि अव्वाच्या आवाजात म्हणाले, "माझं ऐक." खरी अव्वा म्हणाली, "ऐकतेच की, काय?" आप्पा: "लई भारी." अव्वा: "काय लई भारी?" आप्पांनी ताटातल्या पिठल्याकडं बोट केलं. अव्वानं आणखी एक डाव पिठलं वाढलं. इतकी वर्षं जेवताना त्यांनी भाव-ताव सोडून काही बोललेलं मला आठवत नाही.

मग मॅडम म्हणाल्या, आज काका फार थकलेले दिसतात. आप्पांनी लगेच "खोटं" दाबलं. आणि मोबाईलबरोबर त्यांचेही ओठ हलले. "खो..." असा आवाज आला. त्यांचा. मॅडमनी माझं मनगट धरलं. आप्पांनी परत दाबलं, परत तोंड उघडलं. "खो... ट."

अव्वानं टाळ्या वाजवल्या. "खोटं का हुईना, बोलले तर!"

मॅडम म्हणाल्या, लगेच फार आशा धरू नका. शब्द येईल, जाईल. चालेल आम्हाला.

१४ डिसेंबर, रविवार

किटवाल्यांनी माझा बदल स्वीकारला! पुढच्या आवृत्तीपासून जगात जो कुणी या किटवर ॲप बनवेल, त्याला बोटांची वाट किती बघायची ते ठरवता येईल. बदल करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आलंय. मी अव्वाचं नाव घालायची विनंती केली होती. पाउलानं बदलाच्या वर्णनात लिहिलं: "शंभराव्या माणसासाठी. प्रश्न नागुबाईंचा."

अव्वाला पडदा दाखवला. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण आपलं नाव कुठं आहे ते तिनं बोटानं विचारून घेतलं. मग आत जाऊन शिरा केला. तूप जरा जास्तच.

२३ डिसेंबर, मंगळवार

मॅडमच्या दुसऱ्या एका पेशंटसाठी ॲप करून देतेय. सुदाम काका, मूळचे कंधारचे, एसटीत कंडक्टर होते. आता शिरूर अनंतपाळला राहतात. आप्पांसारखंच, सहा महिन्यांपूर्वी बोलणं गेलं. आज ते आणि त्यांच्या बायको सिंधु काकू घरी आले. सुदाम काकांना सौद्याची बोटं कळेनात. वैतागून त्यांनी पडद्यावर एकदा टकटक केलं, मग दोनदा.

सिंधु काकू म्हणाल्या, "घंटी वाजवून राहिलेत. एक म्हंजे थांबा, दोन म्हंजे चला."

मग काय, त्यांचं ॲप टकटकीवर. काकूंनी शब्द भरले: सुट्टे द्या, पुढं सरका, उतरा खाली, एक नंबर. अव्वानं त्यांना आधीच बजावलं, "नाव घ्यायला लावती ही. तयारीनं बस."

६ जानेवारी २०२६, मंगळवार

सुदाम काका आणि सिंधु काकू परत आले, ॲप नीट चालतंय का बघायला. दोघा पुरुषांना अंगणात बाजेवर बसवून मी आत लॅपटॉप आणायला गेले. स्वयंपाकघरात अव्वा चहा गाळत होती, सिंधु काकू पाटावर बसल्या होत्या.

बाहेरून अव्वाचा आवाज आला, "देवणी लई भारी."

त्यावर सिंधु काकूंचा, "कंधारी एक नंबर."

सुदाम काका कंधारचे, लाल कंधारी बैलांच्या गावचे; आणि देवणी ही आमच्या गावच्या बैलांची जात. आप्पांच्या अंगणात बसून हे बोलायचं म्हणजे धाडसच.

"खोटं."

"पुढं सरका."

"कोण म्हणतं? दात बघू."

"उतरा खाली! उतरा खाली!"

मी दाराशी धावले. दोघं मोबाईल पुढं धरून, गुडघ्याला गुडघा लावून बसलेले, मानेच्या शिरा ताठ. आप्पा बोटं इतकी भराभर टेकवत होते की किटची सहनशक्ती संपायची. मधेच मोबाईल सोडून त्यांनी स्वतःच्या तोंडानं "खोट!" असं स्वच्छ म्हटलं आणि सुदाम काकांनी उत्तरादाखल बाजेवर दोन घंट्या दिल्या.

"काकू, आवरा त्यांना," मी आत येऊन म्हटलं. "खरंच भांडायला लागलेत."

सिंधु काकू उठायला लागल्या, तर अव्वानं त्यांच्या हातात कप ठेवला.

"बस गं," ती म्हणाली. "लई दिवसांनी भांडून राहिलेत. चहा पिऊ दे आपल्याला."

दोघी बशीत चहा ओतून फुंकर घालत बसल्या. अंगणात त्यांचेच आवाज एकमेकींवर चढत होते. थोडा वेळ ऐकून अव्वानं माझ्याकडं बघितलं.

"दामे, मी एवढी खेकसते व्हय?"

"हाव," मी म्हटलं.

"बरंय," अव्वा म्हणाली आणि त्यांच्यासाठी आणखी दोन कप भरायला लागली.